परक्याचा शब्द : मराठी प्रवासवर्णनातील संवादाचा प्रश्न

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा आजवर मुख्यतः दोन अंगांनी होत आली आहे. प्रवाशाने पाहिलेला प्रदेश, तेथील निसर्ग, वास्तू, चित्रे आणि संग्रहालये हे तिचे एक अंग. पाहणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व, त्याचा विनोद, त्याची रसिकता आणि शैली हे दुसरे. वसंत सावंत यांच्या 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' (१९८७) या ग्रंथाने हा प्रकार स्वतंत्र विचाराचा विषय केला. त्यानंतर विद्यापीठांतून या विषयावर प्रबंधही सिद्ध झाले. परंतु परदेशप्रवासाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात भेटणारा एक घटक या चर्चेत उपेक्षितच राहिला. तो म्हणजे वाटेत भेटणारा अनोळखी माणूस आणि त्याच्याशी झालेले बोलणे. आगगाडीच्या डब्यातील सहप्रवासी, जहाजाच्या डेकवरचा शेजारी, खोली भाड्याने देणारी वृद्धा, टॅक्सीचालक, उपाहारगृहातील वाढपी अशा रूपांत तो येतो, आपल्या देशाच्या राज्यकर्त्यांविषयी दोन वाक्ये बोलतो, भारताविषयी एखादा प्रश्न विचारतो आणि पुढच्या स्थानकावर उतरून जातो. समीक्षक या भागाला 'गप्पा' म्हणतात आणि त्यामुळे पुस्तकाला 'जिवंतपणा' आला, असा शेरा देऊन पुढे सरकतात. हा शेरा अपुरा आहे. या गप्पांच्या आधारेच प्रवासवर्णनकार परक्या समाजाविषयी निष्कर्ष काढतो आणि वाचक ते निष्कर्ष पुराव्यासह मिळाले असे मानतो. या पुराव्याची तपासणी करण्याची पद्धत मात्र मराठी समीक्षेने अद्याप घडवलेली नाही.

अनोळखी माणसाचा शब्द किती मोलाचा असू शकतो आणि तो छापील पानापर्यंत पोहोचताना त्याचे काय होते, याचे पहिले मोठे उदाहरण परदेशप्रवासाचे नाही. विष्णुभट गोडसे वरसईकर यांना १८५७ मध्ये उत्तरेकडे जाताना वाटेत भेटलेल्या शिपायांकडून येऊ घातलेल्या बंडाची वार्ता कळते. 'माझा प्रवास'मधील इतिहासाचा प्रवेश अशा वाटेवरच्या बोलण्यातून होतो. गोडसे यांनी हा वृत्तान्त पंचवीसेक वर्षांनंतर चिं. वि. वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला. वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला तो स्वतःच्या संस्कारांसह. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये छापली. म्हणजे शिपायाने उच्चारलेला शब्द प्रथम भटजींच्या स्मरणातून, मग संपादकाच्या लेखणीतून, आणि परकीय राज्यात काय छापता येईल या विचारातून गाळला गेला. येथे निदान दोन संहिता हाती असल्यामुळे ही गाळणी दिसते. विसाव्या शतकातील बहुतेक परदेशप्रवासवर्णनांत ती तितकीच कार्यरत असूनही अदृश्य आहे.

पंडिता रमाबाईंच्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) या ग्रंथाचा विचार या संदर्भात मुद्दाम करावयास हवा. १८८६ ते १८८८ या काळात रमाबाई अमेरिकेत हिंडल्या, व्याख्याने दिली, विधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळविले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले. या प्रवासात त्या असंख्य अपरिचित स्त्रीपुरुषांशी बोलल्या असणार. तरीही ग्रंथात प्रत्यक्ष संवाद फारच थोडे आढळतात. शासनपद्धती, शिक्षण, धर्म, उद्योग आणि स्त्रियांची स्थिती अशा प्रकरणांत ते सारे बोलणे विरघळून गेले आहे. आजच्या वाचकाला हे रुक्ष वाटते. पण या रुक्षतेत एक शिस्त आहे. एका बाईने एका सायंकाळी काय सांगितले यावरून अमेरिकेचा स्वभाव ठरवण्याचे रमाबाई टाळतात. जे ऐकले ते कायदे, संस्था आणि व्यवहार यांच्याशी ताडून मगच मांडतात. त्यामुळे स्त्रियांच्या संघटनांचे कौतुक करणारी ही लेखिका त्याच देशातील वर्णभेद आणि मूळ रहिवाशांना मिळालेली वागणूक यांविषयीही स्पष्ट बोलू शकते. यजमानांच्या आतिथ्याने तिचा निर्णय मिंधा झालेला नाही. रंजकतेच्या निकषावर हा ग्रंथ मागे टाकणाऱ्या समीक्षेने या गुणाची नोंद घेतली नाही, हे खटकते.

विसाव्या शतकाच्या मध्यास हा वाङ्मयप्रकार ललित झाला आणि संवाद पुढे आला. अनंत काणेकर यांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) हे या वळणाचे पुस्तक मानले जाते, आणि ते योग्यच आहे. लघुनिबंधकाराची चटपटीत, प्रसन्न शैली प्रवासाला मिळाली. परंतु याच ठिकाणी पुराव्याचा प्रश्न तीव्र होतो. पुस्तकाच्या नावातच निर्णय आहे. पाश्चात्त्य जग धुक्यात आहे आणि तारा पुढे आहे. तीसच्या दशकातील सोव्हिएत रशियात परदेशी पाहुण्याची व्यवस्था १९२९ मध्ये स्थापन झालेल्या 'इन्टूरिस्ट' या सरकारी संस्थेकडे असे. दुभाषा, वाटाड्या आणि कार्यक्रम तिचेच. १९३७-३८ च्या दमनकाळात तर परदेशी माणसाशी आलेला संबंध हाच सोव्हिएत नागरिकाविरुद्ध संशयाचा आधार होऊ शकत होता. अशा ठिकाणी कुणी अनोळखी माणूस 'आम्ही सुखी आहोत' असे म्हणाला, तर ते वाक्य त्याच्या सुखाविषयी काय सांगते आणि ज्या परिस्थितीत ते उच्चारले गेले तिच्याविषयी काय सांगते, हे दोन वेगळे प्रश्न होत. काणेकरांना ते त्या वेळी सुचावयास हवे होते असा आरोप येथे नाही. त्या पिढीतील युरोपातले कितीतरी मोठे लेखकही याच वाटेने गेले आणि याच समाधानाने परतले. परंतु आज वर्गात हे पुस्तक शिकवताना शैलीचे सौंदर्य तेवढे सांगून हा प्रश्न वगळणे, म्हणजे विद्यार्थ्याला अर्धी संहिता शिकवणे होय.

अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले. 'माझा रशियाचा प्रवास' हे त्यांचे छोटे पुस्तक काणेकरांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. दोघांचाही कल साम्यवादाकडे, दोघेही पाहुणे, दोघांनाही दुभाष्याचा आधार. पण अण्णाभाऊ तेथे निव्वळ प्रेक्षक म्हणून जात नाहीत. १९४३ मध्ये 'स्तालिनग्राडचा पोवाडा' रचणारा शाहीर ज्या भूमीचे गाणे आधी गायला, ती पाहावयास जातो. मध्यमवर्गीय प्रवासी परक्याशी बोलताना 'भारतीय संस्कृती' नावाची एक अमूर्त वस्तू सोबत बाळगतो. अण्णाभाऊंच्या सोबत मुंबईतील चाळ, गिरणी आणि मातंग वस्ती असते. त्यामुळे परक्या कामगाराविषयीचे त्यांचे कुतूहल पोटापाण्याशी आणि माणूस म्हणून मिळणाऱ्या प्रतिष्ठेशी बांधलेले आहे. त्यांच्याही पुस्तकाला दुभाष्याची आणि नियोजित कार्यक्रमाची मर्यादा आहेच, आणि भक्तिभाव तर आहेच. तथापि बोलणाऱ्यांचे नाते बदलले की संभाषणाचा विषयही बदलतो, हे त्यावरून दिसते. मराठी समीक्षेने हे पुस्तक प्रवासवर्णनाच्या इतिहासात तळटीपेपुरते ठेवले, याचे कारण वाङ्मयीन असण्यापेक्षा सामाजिक असण्याची शक्यता अधिक.

शीतयुद्धाच्या काळात भारतीय लेखकाच्या परदेशवारीमागे पुष्कळदा कोणत्या तरी गटाची आस्था असे. ती फक्त मॉस्कोची होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रभाकर पाध्ये यांचा संबंध ज्या सांस्कृतिक स्वातंत्र्यवादी काँग्रेसशी होता, तिला अमेरिकी गुप्तचर संस्थेकडून पैसा मिळत असल्याचे १९६६-६७ मध्ये उघड झाले. 'लोक आणि लौकिक' लिहिणारे जयवंत दळवी मुंबईतील अमेरिकी माहिती केंद्रात नोकरी करीत होते. याचा अर्थ या लेखकांनी विकत घेतलेली मते लिहिली असा मुळीच नव्हे. दळवींची तिरकी नजर कुणाची बटीक होणारी नव्हती, आणि पाध्यांची जिज्ञासा अस्सल होती. मुद्दा एवढाच की, कोणता 'अनोळखी' माणूस भेटावा हे काही अंशी आधीच ठरलेले असे. निमंत्रित लेखकाला भेटणारा शेतकरी, प्राध्यापक किंवा कुटुंबवत्सल गृहस्थ हा पूर्णतः योगायोगाने भेटलेला नसतो. प्रवासवर्णनात मात्र त्याला योगायोगाचे रूप दिले जाते, कारण योगायोगानेच विश्वास उत्पन्न होतो.

आता भाषेचा प्रश्न. येथे मराठी प्रवासवर्णनाची एक सवय इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणाच्या लक्षातही येत नाही. परक्या देशातील माणूस पुस्तकात अस्खलित मराठी बोलतो. हे संभाषण मुळात कोणत्या भाषेत झाले, दोघांपैकी कुणाला ती किती येत होती, हातवारे किती आणि शब्द किती, याचा उल्लेख क्वचितच होतो. मोडक्या इंग्रजीत उच्चारलेली पाच वाक्ये मराठीत सुबक परिच्छेद होऊन येतात. त्याहूनही सूचक गोष्ट आहे ती सर्वनामांची. इंग्रजीतील एकाच सर्वनामाला मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' असे तीन पर्याय आहेत, आणि लेखकाला प्रत्येक वेळी निवड करावीच लागते. ही निवड तपासली तर एक रचना हाती लागते. प्राध्यापक आणि अधिकारी प्रवाशाला 'तुम्ही' म्हणतात आणि प्रवासीही त्यांना 'तुम्ही' म्हणतो. हमाल, मोलकरीण, टॅक्सीचालक यांना मात्र 'तू' केले जाते, कित्येकदा ते वयाने थोर असूनही. वास्तविक फारसीत 'तो' आणि 'शोमा', रशियनमध्ये 'ती' आणि 'वी', जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' असा भेद आहेच, आणि अपरिचिताशी बोलताना त्या समाजांत आदरार्थी रूपच वापरले जाते. तेहरानचा टॅक्सीवाला अनोळखी पाहुणीला 'शोमा'च म्हणणार आणि त्याला तेच अपेक्षित असणार. मराठी पुस्तकात त्याचा 'तू' झाला, तर प्रवाशाने आपल्या गावाकडची उतरंड परदेशात नेऊन ठेवली असेच म्हणावे लागते. आणि हे समतेची स्तुती करणाऱ्या प्रकरणातही घडते! त्याच जातीची दुसरी सवय म्हणजे भेटलेल्या वृद्धेला लगेच 'आजीबाई' आणि मध्यमवयीन बाईला 'मावशी' करून टाकणे. यात जिव्हाळा असतो, हे नाकारता येणार नाही. पण ज्या समाजात नाते लावून हाक मारण्याची रीत नाही, तेथील बाईचे परकेपण या हाकेने पुसले जाते. मग ती जे वेगळे, न पटणारे बोलू पाहते तेही आजीबाईच्या लाडिक हट्टासारखे ऐकू येऊ लागते.

या संदर्भात पु. ल. देशपांडे यांचा विचार टाळता येत नाही. 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) या पुस्तकांनी मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखवला असे म्हटले जाते. त्यांनी परदेशी माणसाशी गप्पा मारण्याची एक रीतही घालून दिली, हे अधिक खरे. इंग्रजाच्या अबोलपणाची थट्टा करणारा हा प्रवासी स्वतः कुणाशीही बोलू शकतो, आणि समोरच्याला हसवून त्याच्यातला माणूस बाहेर काढतो. हा गुण दुर्मिळ आहे. परंतु पुलंच्या संवादात मतभेद फार काळ टिकत नाही. तणाव निर्माण होण्याच्या क्षणी विनोद धावून येतो आणि सारे 'अखेर माणूस इथूनतिथून सारखाच' या आश्वासनाशी येऊन थांबतात. राजकारणावरच्या बोलण्यात हे आश्वासन अपुरे पडते. वसाहतीचा मालक असलेल्या देशातील सामान्य माणूस आणि त्या वसाहतीतून आलेला प्रवासी यांच्यात स्वातंत्र्यानंतर दहा-बारा वर्षांनी काही न मिटणारे उरलेच असणार. ते 'अपूर्वाई'त डोकावते पण बोलते होत नाही. पुलंच्या अनुकरणकर्त्यांनी तर गुण सोडून ही मर्यादाच उचलली. पुलंनीच पुढे वेगळा मार्ग दाखवला होता, हेही सांगावयास हवे. वयाच्या पन्नाशीच्या आसपास ते शांतिनिकेतनात बंगाली शिकण्यासाठी जाऊन राहिले आणि 'वंगचित्रे' (१९७४) त्यातून आले. आधी दुसऱ्याची भाषा शिकावी आणि मग त्याच्याशी बोलावे, हा क्रम त्यांनी स्वीकारला. तो पुढच्या प्रवासवर्णनकारांनी अभावानेच गिरवला.

या क्रमाचे आणखी जुने उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे आहे. 'निवेदन' (१९२४) हे आत्मचरित्र असल्यामुळे प्रवासवर्णनाच्या चर्चेत येत नाही. १८९९ मध्ये गोव्यातील घर सोडून निघालेला हा तरुण इंग्रजीच्या आधाराशिवाय हिंडतो. संस्कृतच्या बळावर पंडितांशी बोलतो, १९०२ मध्ये सिंहलद्वीपास पोहोचून विद्योदय विद्यालयात पाली शिकतो, आणि पुढे ब्रह्मदेशात भिक्षूंच्या सहवासात राहतो. येथे परका माणूस हा आपल्या देशाचा नमुना म्हणून भेटत नाही. तो काहीतरी जाणणारा म्हणून भेटतो आणि प्रवासी त्याच्याकडे विद्यार्थी म्हणून जातो. साहजिकच 'या लोकांचा स्वभाव असा' अशी विधाने कमी होतात.

प्रश्न विचारण्याची दिशा उलटी झाली की प्रवाशाची खरी परीक्षा होते. परदेशात भारतीय माणसाला हमखास विचारला जाणारा प्रश्न जातीचा. मराठी प्रवासवर्णनांत या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका ठरीव वळणाने दिले जाते. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे, शहरांतून आता कुणी मानत नाही, आणि तुमच्याकडे तरी वर्णभेद कोठे संपला आहे? सतराव्या अनुच्छेदाचा हवाला खरा आहे, प्रतिप्रश्नही रास्त आहे. मात्र उत्तर देणाऱ्याची स्वतःची जात या सगळ्यात कोठेच येत नाही. तो देशाच्या वतीने बोलतो, स्वतःच्या वतीने नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्म शिकत होते. तेथील दिवसांचे जे लेखन त्यांनी मागे ठेवले त्यात हा प्रतिनिधित्वाचा आव कमी आहे आणि विलायतेतील दरिद्री वस्त्या, तेथे काम करणारी साधी माणसे यांच्याविषयीची विचारपूस अधिक आहे. परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. ती केवळ त्या विचारपुशीचे फळ होती असे म्हणणे सोपेपणाचे होईल. पण परक्याला विचारलेला प्रश्न स्वतःच्या गावावर उलटवून घेण्याची तयारी त्यांच्यापाशी होती, हे निश्चित.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. प्रवासवर्णन म्हणजे समाजशास्त्रीय पाहणी नव्हे. ते ललित लेखन आहे. लेखकाने संवाद घडवावा, दोन माणसांचे एक करावे, आठवणीतून वाक्ये रचावीत, यात गैर काय? निवडीचे आणि रचनेचे स्वातंत्र्य लेखकाला असलेच पाहिजे. परंतु कादंबरीकार वाचकाला 'हे घडले' असे वचन देत नाही, प्रवासवर्णनकार देतो. त्याच्या पुस्तकाचा प्रभाव या वचनावरच उभा असतो. 'इराणमधील बाया मनातून काय म्हणतात' हे वाचक त्याच्याकडून ज्ञान म्हणून स्वीकारतो. मीना प्रभु यांची 'तुर्कनामा', 'चिनी माती', 'गाथा इराणी' ही पुस्तके लोकप्रिय झाली त्यात अनोळखी माणसांशी सहज जमणाऱ्या सलगीचा वाटा मोठा आहे. एकट्या हिंडणाऱ्या मराठी बाईने परक्या घरांत शिरून बोलते करणे, ही या वाङ्मयप्रकारातील खरोखर नवी गोष्ट होती. पुरुष प्रवाशाला जी स्वयंपाकघरे बंद होती ती तिला उघडली. नेमके म्हणूनच येथे दुसरी जबाबदारी येते. ज्या देशात राज्यकर्त्यांविरुद्ध बोलणे धोक्याचे आहे, तेथील बाईने दारामागे सांगितलेले शब्द नाव, गाव आणि घराच्या खुणांसह छापावेत काय? मराठीत छापले तर तिकडे कोण वाचणार, हा दिलासा एके काळी पुरत असे. यंत्राने क्षणात भाषांतर होते अशा काळात तो पुरत नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये परक्या माणसाविषयी लिहिताना निरीक्षण केले होते की, जवळच्यांपासून लपवलेल्या गोष्टी लोक परक्यापाशी मोकळेपणाने बोलतात. प्रवासवर्णनाच्या चर्चेत हे निरीक्षण उद्धृत करण्याचा मोह होतो. पण झिमेलचा परका आज येऊन उद्या निघून जाणारा भटक्या नव्हे, तो आज येऊन उद्याही राहणारा आहे. प्रवाशाला मिळणारा मोकळेपणा निराळा, आणि काहीसा स्वस्त. तो निघून जाणार या खात्रीतून येतो. त्यात अतिशयोक्ती असते, पाहुण्याला आवडेल ते बोलण्याची वृत्ती असते, क्वचित खोडसाळपणाही असतो. परदेशी पाहुण्याला थापा मारण्याचा आनंद कोकणातल्या माणसाला जसा ठाऊक, तसा तो सिसिलीतल्या माणसालाही ठाऊक असणारच. मराठी प्रवासवर्णनांत फसवले गेल्याचे प्रसंग असतात ते भाड्याचे आणि खरेदीचे. मतांच्या बाबतीत आपल्याला कुणी बनवले, असे लिहिणारा प्रवासी सापडणे कठीण.

एकोणीसशे नव्वदनंतर मराठी माणसाचा परदेशप्रवास संख्येने फार वाढला, आणि त्याच वेळी परका माणूस त्यातून कमी झाला. संघटित सहलींत मराठी बोलणारा मार्गदर्शक, मराठी सहप्रवासी आणि सायंकाळी पुरणपोळी मिळते, तेव्हा अनोळखी माणसाची गरज पडते ती फक्त रस्ता विचारण्यापुरती. तीही आता हातातला फोन भागवतो. अशा प्रवासांवर लिहिलेली पुस्तके पुष्कळ निघाली, पण त्यांत संवाद शोधावा लागतो.

पदव्युत्तर वर्गांत या विषयावर काम करावयाचे तर साधनांची अडचण मोठी आहे. गोडसे भटजींच्या दोन संहिता ताडून पाहता येतात, कारण मूळ हस्तलिखित जपले गेले. विसाव्या शतकातील प्रवासवर्णनकारांच्या टिपणवह्या, घरी पाठवलेली पत्रे, नियतकालिकांतील पहिले पाठ आणि पुढे काही जणांनी केलेली ध्वनिमुद्रणे यांची स्थिती तशी नाही. 'अपूर्वाई' प्रथम 'किर्लोस्कर' मासिकातून क्रमशः आली. तो पाठ आणि ग्रंथरूप यांची संवादापुरती तुलना हा एखाद्या प्रबंधिकेचा विषय सहज होऊ शकेल, कारण मासिकाचे जुने अंक अजून ग्रंथालयांत मिळतात. वह्या आणि पत्रे मात्र बहुतांशी लेखकांच्या कुटुंबीयांकडे आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ती मागितली तर पुष्कळ कुटुंबे ती देतील. घरे बदलताना रद्दीत गेल्यावर मागून उपयोग नाही.